उंदरानं मुळं खाल्ली, आता कॅक्टसचं काय?

या महिन्यात मोगऱ्याच्या कळ्या का गळतात आणि गुलाबाला फुलं का नाहीत हे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलतेय, कारण भुसावळच्या एका ताईंचं पत्र आलंय आणि ते वाचून मला माझाच जुना मूर्खपणा आठवला. त्यांना थोडक्यात मेल करून लगेच कळवलं होतं, अंक हातात पडेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतंच ते. इथं सविस्तर लिहिते. उरलेल्या जागेत अजून तीन काटेरी प्रश्न घेतलेत.

प्रश्न : नमस्कार ताई, माझ्याकडे १४ वर्षांचा कॅक्टस आहे, गोल गरगरीत, पिवळ्या काट्यांचा. लग्न झालं त्या वर्षी लिंबाएवढा आणला होता, आता फुटबॉलएवढा झालाय. आखाजीला माहेरी चाळीसगावला गेले ते लग्नं-बिग्नं करत १५ दिवस तिकडेच, इकडे घराला कुलूप. येऊन बघते तर गॅलरीत कॅक्टस आडवा पडलेला, खालून उंदरानं की घुशीनं कुरतडून पार पोकळ केलेलं, मूळ एकही शिल्लक नाही, आणि जिथं खाल्लंय तिथं तपकिरी आणि ओलं, दाबलं की बोट आत जातं, वासही येतोय. मी घाबरून ती जागा नळाखाली धुतली, हळद भरली आणि शेतातली काळी माती आणून त्यात परत बसवून तांब्याभर पाणी दिलं. सासूबाई म्हणतात, 'फेकी दे वं माय, काय ठेवस त्याले.' पण वरून अजून हिरवागार आहे हो. जगेल का?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : ताई, आधी उठा आणि त्याला त्या मातीतून बाहेर काढा, बाकीचं मग वाचा.

वरून हिरवागार दिसतोय म्हणून खूश होऊ नका आणि रडूही नका. तो सध्या साठवणीवर चाललाय. कॅक्टस म्हणजे पाण्याची टाकीच, पानं नाहीत, साल मेणचट, आणि बाकीची झाडं दिवसा आपली बारीक छिद्रं उघडतात तर हा पठ्ठ्या रात्री उघडतो, ऊन उतरल्यावर, त्यामुळे पाणी फारसं उडतच नाही. एवढा मोठा गोटा मुळं नसताना सावलीत काही महिने सहज काढतो. म्हणजे घाई पाणी द्यायची नाहीये, घाई आहे सड थांबवायची. तहान महिन्यांच्या हिशोबानं लागते, सड दिवसांच्या हिशोबानं वर चढते. तुम्ही नेमकं उलटं केलंत, पण सगळेच करतात, मीही केलंय, सांगते पुढे.

आधी काट्यांचं बघा. बागेचे कापडी हातमोजे या काट्यांपुढे म्हणजे पापड, त्यांच्यावर विसंबू नका. गोणपाटाची चार पदरी घडी करा, त्यात कॅक्टस गुंडाळून जमिनीवर आडवा करा आणि धरायला कोणालातरी बोलवा, एकटीनं करायचं काम नाही हे. लांब पात्याची बिनदात्याची धारदार सुरी घ्या आणि मेडिकलमधून स्पिरिट आणा. प्रत्येक काप घेण्याआधी पातं स्पिरिटनं पुसायचं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, कारण सडक्या भागातून गेलेलं पातं चांगल्या भागात घातलं की सड आपणच वर नेऊन पोचवली.

कुजलेला भाग एकदम उडवा. मग बोटभर जाडीचे काप घेत वर जा, दुधीच्या चकत्या करतो तसे. प्रत्येक काप घेतला की कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. बाहेर हिरवी साल, आत पांढुरका हिरवट ओला गर, आणि मधोमध बांगडीसारखी एक गोल रिंग दिसेल, या त्याच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. गर पांढराशुभ्र आहे म्हणून हुरळू नका, रिंग बघा. रिंगमध्ये केशरी नाहीतर तपकिरी ठिपका, मोहरीएवढा का होईना, दिसला तर सड त्या वाटेनं वर गेलेली आहे, अजून एक काप घ्या. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे सांगावं लागत नाही, कंदकुजीचा संशय आला की तेही कंद चिरून आतला रंगच बघतात. कापता कापता अर्धा कॅक्टस गेला तरी जाऊ दे, वरची चार बोटं उंचीची टोपी जरी स्वच्छ उरली तरी ती मुळं धरू शकते. फक्त रिंग पार शेंड्यापर्यंत तपकिरी निघाली तर मात्र सासूबाईंचं ऐका.

स्वच्छ काप मिळाला की आणखी एक काम आहे जे बहुतेक जण विसरतात. कापलेल्या तोंडाची कड चहूबाजूंनी तिरकी तासायची, पेन्सिलला टोक करतो तशी, पण टोक न करता. कारण असं की गर वाळला की आत ओढला जातो आणि साल कडक असते ती जागच्या जागी राहते, मग खालचं तोंड उपड्या वाटीसारखं खोलगट होतं. मुळं तर त्या मधल्या रिंगमधून फुटणार, म्हणजे ती वाटीच्या छताला लोंबत राहतात आणि मातीला टेकतच नाहीत. कड तासली की रिंग सगळ्यात खाली येते.

हळदीबद्दल खूप जण विचारतात. ओल्या कुजलेल्या जागेत हळद भरून वर पाणी दिलं तर काहीच उपयोग नाही, लगदा होतो नुसता. ताज्या स्वच्छ कापावर कोरडी पावडर हवी, भुरी रोगावर वापरतात ती गंधकाची चालेल, कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चालेल (मग ती सुरी परत स्वयंपाकात नको), काहीच नसेल तर दालचिनीची पूड. पातळ लावा, जास्तीची झटकून टाका. गंधक लावून उन्हात मात्र ठेवायचा नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात गंधकच सालीला भाजून काढतं. आणि खरं सांगू का, पावडर नाही लावली तरी एकवेळ चालतं, वाळवण्यात कसर केलेली चालत नाही.

तर वाळवणं. घरात माठाची लोखंडी तिवई असेलच. तिच्या कड्याला जुनं फडकं गुंडाळा आणि त्यावर कॅक्टस उभा ठेवा, कापलेलं तोंड खाली आणि हवेत मोकळं. उभाच ठेवायचा बरं का, महिनोन् महिने आडवा ठेवला तर शेंडा उजेडाकडे वळायला लागतो आणि मुळं कधीकधी कुशीतून फुटतात. जागा सावलीची पण उजेडाची, वारा खेळता. पश्चिमेची गॅलरी अजिबात नको. भुसावळचा उन्हाळा मी भुसावळकरांना काय सांगणार, पारा ४५ च्या घरात गेला की मुळं असलेला कॅक्टसही पांढरा पडून भाजतो, बिनमुळाच्याची काय कथा.

किती दिवस? करंगळीएवढ्या जाड तुकड्याला आठवडा पुरतो, तुमचं तोंड वीतभर रुंद असणार, त्याला तीन-चार आठवडे धरा आणि मृगाचा पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली तर आणखी. टिचकी मारून बघा, शिळ्या भाकरीसारखं कडक वाजलं पाहिजे, कुठंही दबता कामा नये.

आता माझा मूर्खपणा. आम्ही धुळ्याला राहत होतो तेव्हा एका रोपवाटिकेतून मी असाच बिनमुळाचा गोटा स्वस्तात आणला, त्याच दिवशी कुंडीत लावला, रोज पाणी, १० दिवसांत खालून आंबलेल्या ताकासारखा झाला. दुसरा आणला, यावेळी शहाणी झाले होते, वाळवला, वाळूत ठेवला, आणि दर रविवारी उपटून बघायला लागले की मुळं आली का. एका रविवारी आली होती. तीन मुळं, पांढरी, शेवयांसारखी, आणि उचलताना तिन्ही माझ्याच हातानं तुटली. परत वाट बघितली, परत उपटून बघितलं, परत तोडली. शेवटी माझ्या नवऱ्यानं तो कॅक्टस माझ्यापासून लपवून माळ्यावरच्या खिडकीत ठेवला आणि तिथं त्याला मुळं आली.

म्हणून तुम्हाला सोपी युक्ती सांगते, तिवईवर असतानाच मोबाईल खाली सरकवायचा आणि सेल्फी कॅमेऱ्यानं फोटो काढायचा. उचलायची गरजच नाही. रिंगच्या आसपास तिळाएवढे पांढरट गुलाबी फुगीर दाणे दिसायला लागले की ती मुळं. महिन्यात दिसतील, दोन महिन्यांत दिसतील, तीन-चार महिनेही लागतात. तोपर्यंत तो आक्रसणार, कंगोरे एकमेकांजवळ येणार, आजारी माणसाचे गाल बसतात तसा दिसणार, आणि येणारा प्रत्येक पाहुणा म्हणणार, 'अहो याला पाणी घाला की'. घालू नका. मुळंच नाहीत तर पिणार कशानं, ते पाणी नुसतं कुजवायच्याच कामाचं.

दाणे दिसले की मातीची तयारी. तुमची ती काळी माती परत शेतात. आपली खान्देशची काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, कपाशीला ती भारी असली तरी कॅक्टसच्या कोवळ्या मुळांना ती ओली असताना गुदमरवते आणि वाळताना तोडते. जाड वाळू घ्या (बांधकामाची असेल तर चाळून, धुऊन, बारीक धूळ सगळी जाऊ दे), विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि थोडा लाकडी कोळसा फोडून, हे सगळं मिळून तीन भाग, आणि चांगलं कुजलेलं जुनं शेणखत एक भाग. कुंडी मातीची, भोक असलेली, कॅक्टसपेक्षा दोन बोटंच मोठी. मोठ्या कुंडीत माती जास्त, म्हणजे ओल जास्त.

त्यावर कॅक्टस फक्त टेकवायचा, फार तर अर्धा इंच आत, पुरायचा नाही. हलू नये म्हणून बाजूनं तीन-चार दगडांचा आधार. आठवडाभर कोरडाच राहू द्या, मग कडेकडेनं कपभर पाणी, मग पार सुकेपर्यंत काही नाही, मग परत कपभर. महिना-दोन महिन्यांनी हलक्या हातानं हलवून बघा, जागचा हलला नाही आणि शेंड्याला नवे चकचकीत काटे दिसले तर तो लागला. ऊन मात्र एकदम नाही, दिवाळीपर्यंत हिरव्या जाळीखालीच.

घुशीचा पिंजरा लावा आणि यापुढे कुंडी उंचावर ठेवा. मे महिन्यात त्यांनाही पाणी मिळत नाही, कॅक्टस म्हणजे त्यांच्यासाठी भरलेलं कलिंगड.

जाता जाता, तुमचा हा गोटा मूळचा मेक्सिकोचा. जर्मनीतल्या माग्देबुर्गचे कारखानदार हेर्मान ग्रुसोन यांना कॅक्टसचा भारी नाद होता, त्यांच्यावरून याला शास्त्रीय नाव पडलं, ग्रुसोनी. गंमत म्हणजे जगभर रोपवाटिकांमध्ये बियांपासून केलेले हे लाखांनी मिळतात, पण त्याच्या मूळ गावी तो दुर्मिळ झालाय, १९९० च्या दशकात झिमापान धरणाच्या पाण्याखाली त्याची बरीच जागा गेली. इंग्रजीत याला सासूची उशी म्हणतात. घरात सांगू नका.

प्रश्न : मॅडम, मी ऑनलाइन एक कॅक्टस मागवला, खाली हिरवी दांडी आणि वर लालभडक गोळा. दांडी खालून सडली. लाल गोळा चांगला आहे, तो कापून वाळवून मातीत लावला तर मुळं येतील का?
(कॉलेज विद्यार्थी, धुळे)

उत्तर : नाही रे भाऊ, त्याला जमणार नाही. तो लाल गोळा स्वतःचं अन्न बनवूच शकत नाही, हिरवा रंगच नाही ना त्याच्यात. १९४० च्या सुमारास जपानमध्ये रोपांमध्ये अशी बिनहिरवी रोपं निघाली, ती मरू नयेत म्हणून दुसऱ्या कॅक्टसच्या डोक्यावर कलम करून जगवली, तेव्हापासून ही सगळी पिलावळ कलमावरच जगतेय. खालची दांडी त्याला पोसते, ती गेली की हा साठवण संपेपर्यंत लाल दिसतो आणि मग बसतो.

पण दोन रस्ते आहेत. आधी दांडी खालून कापत वर जा, वर सांगितलं तसंच. गोळ्याखाली दीड-दोन इंच जरी स्वच्छ हिरवी दांडी उरली तर काम झालं, आठवडाभर वाळव आणि लाव. ती दांडी म्हणजे बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटच्याच जातीची वेल असते, मुळं पटकन धरते.

दांडी पूर्ण गेली असेल तर नवी द्यावी लागेल. हल्ली आपल्याकडे ड्रॅगनफ्रूट लावणारे शेतकरी आहेत, कुणाकडून तरी वीतभर कांडी आण, आधी ती मुळावर येऊ दे. पण गोळा तेवढे दिवस थांबणार नाही असं वाटलं तर लागलेलंच छोटं रोप विकत घे. मग स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं कांडीचा शेंडा आडवा काप, तिन्ही धारांचे कोपरे तिरके तास. गोळ्याचा बूडही आडवा काप. दोघांनाही मधे ती रिंग दिसेल, गोळ्याची वेगळ्या मापाची, कांडीची वेगळ्या मापाची, त्यामुळे बरोबर मधोमध ठेवायच्या नादात एक रिंग दुसरीच्या आत बसते आणि कुठेच भेट होत नाही. थोडा एका बाजूला सरकवून ठेव म्हणजे दोन्ही रिंगा एकमेकींना कुठंतरी छेदून जातील. आतली हवा निघेल असा किंचित फिरवून दाब आणि कुंडीच्या खालून वरपर्यंत दोन रबरबँड लाव, घट्ट पण रुतणार नाहीत असे. हे सगळं काप ओले असतानाच, मधे फोन आला तर घेऊ नको. १० दिवस सावलीत, वरून पाण्याचा थेंब नको. पहिल्यांदा फसलं तर दोन्हीकडचा पातळ काप काढून परत करता येतं. माझी पहिली दोन फसली होती.

प्रश्न : शेताच्या बांधावरचा तीन धारांचा निवडुंग जेसीबीनं मुळासकट उखडला. त्याची फांदी घरी कुंडीत लावायची आहे. कापल्यावर पांढरं दूध येतंय, ते चालेल का?
(शेतकरी वाचक, शहादा)

उत्तर : दादा, हा निवडुंग खरा पण कॅक्टस नव्हे. तो एरंडाच्या कुळातला, शेराचा चुलतभाऊ. कॅक्टसच्या काट्यांच्या बुडाशी लोकरीसारखी बारीक गादी असते आणि दूध नसतं, इथंच फरक कळतो. ते दूध अंगाला लागलं तर आग होते आणि डोळ्यात गेलं तर सरळ दवाखाना गाठायचा, आधी भरपूर पाण्यानं धुवत. चष्मा लावून कापा, पोरांना लांब ठेवा. फांदीचं कापलेलं तोंड पाण्यात बुडवून दूध थांबू द्या, मग पुसून दोन-तीन आठवडे सावलीत वाळवा आणि लावा. बाकी सगळं वरच्यासारखंच, उलट हा जास्त चिवट.

प्रश्न : ताई, अंगणात माझ्या उंचीचा खांबासारखा कॅक्टस होता. कॉलनीतल्या पोरांच्या बॉलनं वरचा हातभर तुकडा मोडून पडला. बॉल जप्त केलाय. खालचा खांब आता वाढेल का, का बोडकाच राहील?
(निवृत्त शिक्षक, जामनेर)

उत्तर : सर, त्या जागेवरून नाही वाढणार, शेंडा एकदा गेला की गेला. पण काट्यांच्या प्रत्येक झुबक्यापाशी एक झोपलेला डोळा असतो, शेंडा असेपर्यंत त्यांना उठू देत नाही, आता ते उठतील. बहुतेक वरच्या झुबक्यांमधून दोन-तीन फांद्या फुटतील, या पावसाळ्यात नाहीतर पुढच्या वर्षी. तेवढं एक करा, मोडलेलं तोंड खडबडीत असेल ते स्वच्छ सुरीनं तिरकं कापून घ्या म्हणजे पावसाचं पाणी वर साचणार नाही, आणि हे काम चार दिवस कोरडं ऊन असेल तेव्हाच करा. मुळं जागेवर आहेत त्यामुळे खांबाची चिंता नाही.

पडलेला हातभर तुकडा टाकू नका. मोडल्या जागी सरळ काप घेऊन कड तासा, तीन आठवडे सावलीत भिंतीला टेकवून उभा ठेवा, मग लावा. वर भुसावळच्या ताईंना सांगितलंय तेच सगळं, फक्त हा लवकर मुळं धरतो. आणि उंच असल्यामुळे काठीला बांधा, नाहीतर प्रत्येक वाऱ्यात हलेल आणि नवी मुळं तुटत राहतील.

म्हणजे हिशोब केला तर तुमचे आता दोन कॅक्टस झाले, सर. पोरांचा बॉल परत देऊन टाका.